रानाचा जमाखर्च

ज्या घरांत रोज वीस-पंचवीस पानें मांडावीं लागतात, त्या घरांत कोठीमधील धान्य किती आणि प्रत्यक्ष पानांत पडणारें अन्न किती, यांतील अंतर तेथील कर्त्या बाईइतकें दुसऱ्या कोणास क्वचितच ठाऊक असतें. निवडतांना खडे निघतात, दळतांना कोंडा निघतो, कढईंत कांहीं करपतें, कांहीं उरून नासतें. आणि पोटांत गेलेलें अन्न तरी सर्वच अंगीं लागतें असें नाहीं. त्याचा मोठा भाग चालण्याबोलण्यांत, श्वासोच्छ्वासांत आणि अंग ऊबदार ठेवण्यांत खर्ची पडतो. हा हिशेब ज्यास कळला, त्यास रानांतील जीवांचा परस्परसंबंध समजण्यास फारसा वेळ लागणार नाहीं. अरण्यांतही एक फार मोठें एकत्र कुटुंब नांदत असतें, आणि त्याचाही जमाखर्च असाच कांटेकोर असतो.

विषय केवळ पुस्तकी राहूं नये म्हणून आपण तो एका ठराविक मुलुखांत पाहूं. कोल्हापूरच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्यावर, राधानगरी-दाजीपूरचें अभयारण्य आहे. तेथल्या डोंगरांतून भोगावती नदी वाहूं लागते. राजर्षि शाहू महाराजांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं हातीं घेतलेल्या आणि स्वातंत्र्यानंतर पूर्ण झालेल्या राधानगरीच्या धरणांत तिचें पाणी सांठतें. पुढें कासारी, कुंभी आणि तुळशी यांचें पाणी तिच्याशीं एकत्र येऊन प्रयाग चिखली येथें तिची पंचगंगा होते. पांचवी सरस्वती गुप्तरूपानें येते अशी लोकांची श्रद्धा आहे. तेथून कोल्हापूर शहराच्या कडेनें सुमारें ८० किलोमीटरांचा प्रवास करून ती नृसिंहवाडीस कृष्णेस मिळते. माथ्यावरील रानापासून वाडीच्या घाटापर्यंत या पाण्याच्या सोबतीनें गेलें, तर जीवांचा सगळा जमाखर्च ओळीनें वाचतां येतो.

जमेची बाजू

रानाच्या वहींत जमेच्या बाजूस एकच नांव आहे, तें सूर्याचें. हिरवें पान सूर्यप्रकाश घेतें, मुळांकडून आलेलें पाणी आणि हवेंतील कर्बवायु यांचा संयोग करून साखर तयार करतें, आणि त्या साखरेंत प्रकाशाची ऊर्जा बांधून ठेवतें. झाडावर पडणाऱ्या एकंदर प्रकाशापैकीं अशा रीतीनें बांधला जाणारा भाग फार थोडा, म्हणजे साधारणपणें शेंकडा एकाच्या आसपास असतो. परंतु या शेंकडा एकावर पृथ्वीवरील जवळ जवळ सर्व जीव जगतात. दाजीपूरच्या रानांतील ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ आणि अंजनी, त्यांच्या खालीं दाटलेली कारवी, आणि उघड्यावरचें गवत हे सर्व या कुटुंबांतले कमावते होत. बाकीचे सारे खाणारे आहेत.

खाणाऱ्यांत पहिला मान गव्याचा. पूर्ण वाढलेला नर गवा आठनऊशें किलो वजनाचा, खांद्याशीं जवळ जवळ पुरुषभर उंच आणि काळाभोर असतो. गुडघ्याखालचे पांढरे पाय पाहून त्यानें मोजे घातले आहेत असें वाटतें. एकेकाळीं हें रान कोल्हापूर संस्थानच्या शिकारीसाठीं राखलेलें होतें. पुढें १९५८ मध्यें गव्यांसाठीं दाजीपूरचें अभयारण्य जाहीर झालें. महाराष्ट्रांतील सर्वांत जुन्या अभयारण्यांत त्याची गणना होते. १९८५ मध्यें त्याचा विस्तार ३५१ चौरस किलोमीटरांपर्यंत करण्यांत आला. गव्याबरोबरच सांबर, भेकर, रानडुक्कर आणि सशाएवढें चिमुकलें पिसोरी हेही पाल्यावर, गवतावर, फळांवर आणि कंदांवर जगतात. त्यांच्यावर बिबट्या आणि रानकुत्रे उपजीविका करतात, आणि सर्वांच्या वर वाघ.

दशांशाचा नियम

गवतापासून वाघापर्यंतच्या या क्रमास अन्नसांखळी म्हणतात. तिचा पद्धतशीर विचार ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ चार्लस एल्टन यांनीं १९२७ मध्यें आपल्या ग्रंथांत मांडला. खालच्या पायरीवर जीव असंख्य असतात आणि वर जावें तसतशी त्यांची संख्या झपाट्यानें घटत जाते, हें त्यांनीं दाखविलें. जीव आणि त्यांच्या भोवतालचीं माती, पाणी, हवा यांना मिळून एकच घटक मानावें, आणि त्यास आज मराठींत ज्यास आपण परिसंस्था म्हणतों तें नांव द्यावें, ही सूचना १९३५ मध्यें आर्थर टॅन्सले यांनीं केली. परंतु वरच्या पायऱ्यांवरील संख्या घटते कां, याचा उलगडा एका तरुण अमेरिकनानें केला.

त्याचें नांव रेमंड लिंडमन. मिनेसोटा प्रांतांतील एका लहानशा, गाळानें भरत चाललेल्या तळ्याचा त्यानें कित्येक वर्षें अभ्यास केला. तळ्यांतील शेवाळ, त्यावर जगणारे सूक्ष्म जीव, त्यांना खाणारे किडे आणि मासे, या सर्वांचें मोजमाप करून प्रत्येक पायरीवर किती ऊर्जा येते आणि किती पुढें जाते, याचा ताळेबंद त्यानें मांडला. कामांत त्याची पत्नी एलिनॉर हिची त्यास मोलाची मदत होती. त्याचा निबंध प्रथम परीक्षकांनीं नाकारला. त्यांत अनुमानच फार, असें त्यांचें म्हणणें पडलें. येल विद्यापीठांतील त्याचे मार्गदर्शक हचिन्सन यांनीं त्याची बाजू घेतल्यावर तो स्वीकारला गेला. १९४२ च्या ऑक्टोबरांत निबंध छापून आला, तेव्हां लिंडमन जगांत नव्हता. त्याच वर्षीं जूनमध्यें, सत्ताविसावें वर्षही पुरें होण्यापूर्वीं, यकृताच्या दीर्घ दुखण्यानें त्याचा अंत झाला होता. आज या शास्त्राचें कोणतेंही पाठ्यपुस्तक त्याच्या नांवावांचून पुरें होत नाहीं.

त्याच्या ताळेबंदाचें सार असें आहे: एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जातांना ऊर्जेचा मोठा भाग नाहींसा होतो. पुढच्या अभ्यासकांनीं सरासरी काढून सांगितलें कीं, साधारणपणें दहावा हिस्साच वरच्या पायरीस पोहोंचतो. कोठें तो याहून पुष्कळ कमी, कोठें थोडा अधिक असतो. परंतु अंदाजास हा आंकडा सोयीचा आहे. पानांत दहा हजार मापें ऊर्जा सांठली, तर तीं पानें खाणाऱ्या गव्यासांबरांच्या अंगांत हजार मापें उतरतील, आणि त्यांना खाणाऱ्या वाघाच्या अंगांत शंभर. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपानें हवेंत निघून जाते. ती पुन्हां गोळा करतां येत नाहीं. त्यामुळें सूर्यास रोज नवें द्यावें लागतें, आणि सांखळीही चारपांच पायऱ्यांपलीकडे सहसा लांबत नाहीं. त्यापुढें कोणाचें पोट भरेल इतकें कांहीं उरतच नाहीं.

आतां हाच हिशेब वाघापुरता करून पाहूं. एका वाघास साधारणपणें आठवड्यास एक याप्रमाणें वर्षास पन्नासेक मोठीं जनावरें लागतात. व्याजावर जगणारा शहाणा गृहस्थ मुद्दलास हात लावीत नाहीं. त्याचप्रमाणें रानांतील कळप टिकावयाचे असतील, तर त्यांतून वर्षास सुमारें दहावा भागच जावयास हवा. म्हणजे एका वाघाच्या पाठीशीं पांचशेंएक सांबर, भेकर, डुकरें आणि गवे असावे लागतात. तितक्या जनावरांना पुरेल इतका पाला आणि गवत किती मोठ्या रानांत होईल, याची कल्पना वाचकांनींच करावी. वाघास विस्तीर्ण प्रदेश लागतो याचें कारण या दशांशाच्या हिशेबांत आहे.

राधानगरीचें रान एकटें पाहिलें, तर तें वाघांच्या कुटुंबास अपुरें पडेल. परंतु सह्याद्रीचा कणा अखंड राहिला, तर गोष्ट निराळी होते. उत्तरेस कोयना आणि चांदोली यांचीं रानें मिळून २०१० मध्यें सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. दक्षिणेस आंबोली, तिळारी आणि पुढें गोवा-कर्नाटकांतील रानें आहेत. २०२२ मध्यें राधानगरीच्या रानांत ज्याचें छायाचित्र मिळालें होतें, तोच नर वाघ २०२३ च्या डिसेंबरांत सुमारें शंभर किलोमीटर उत्तरेस व्याघ्र प्रकल्पांत दिसला. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणें प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, त्यावरून ही ओळख पटली. एवढी वाट तो चालूं शकला, कारण मधलीं रानें अजून तुटक तुटक कां होईना, शिल्लक आहेत. २०१२ मध्यें पश्चिम घाटांतील जीं ३९ ठिकाणें जागतिक वारसा म्हणून मान्य झालीं, त्यांत राधानगरीचा समावेश आहे. २०२० च्या अखेरीस विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड येथील वनांना संवर्धनासाठीं राखीव करण्याचा निर्णयही झाला. नकाशावर हीं नांवें विखुरलेलीं दिसतात. वाघाच्या दृष्टीनें तीं एकाच वाटेवरचीं विश्रांतिस्थानें आहेत. त्यांच्यामध्यें एखादी बॉक्साइटची खाण, एखादा रुंद रस्ता किंवा बंगल्यांची वसाहत आली कीं वाट तुटते. रानाचें क्षेत्रफळ कागदावर कमी न होतांही वरच्या पायरीवरच्या जिवाचें अन्न तुटतें.

शेवटची पायरी आधीं ढासळते हें कोल्हापूरनें पूर्वींही पाहिलें आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कोल्हापूर दरबारच्या पदरीं माणसाळविलेले चित्ते असत, आणि माळावरील काळविटांवर ते सोडले जात. त्यांना वाढविणाऱ्या आणि शिकविणाऱ्या लोकांस चित्तेवान म्हणत. परंतु हे चित्ते पुढें पुढें आफ्रिकेंतून आणावे लागत, कारण हिंदुस्थानांतील चित्ते तेव्हांच जवळ जवळ संपुष्टांत आले होते. १९४७ मध्यें कोरिया संस्थानांत तीन चित्ते मारले गेले. त्यानंतर खात्रीची नोंद मिळेनाशी झाली, आणि १९५२ मध्यें हा प्राणी भारतांतून नष्ट झाल्याचें जाहीर झालें. शिकारीचा दोष त्यांत होताच. पण माळाचीं शेतें झालीं, काळवीट घटले, आणि दशांशाच्या दशांशावर जगणाऱ्या चित्त्यास तळाचा तोटा सर्वांआधीं जाणवला. २०२२ मध्यें नामिबियांतून आठ चित्ते विमानानें मध्य प्रदेशांतील कुनो येथें आणले गेले. हरवलेली एक पायरी पुन्हां बसविण्यास किती खटपट करावी लागते, हें त्यावरून दिसतें.

जें परत येतें

ऊर्जा एकदांच वापरतां येते. द्रव्य मात्र फिरून फिरून वापरतां येतें. ही दुसरी वही पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. गव्याचें शेण रानांत पडतें न पडतें तोंच शेणकिडे हजर होतात, त्याचे गोळे करून जमिनींत पुरतात. पडलेल्या ओंडक्यास वाळवी लागते, कुजलेल्या पानांवर पावसाळ्यांत अळंबी उगवतात, आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जंतु उरलेलें काम पुरें करतात. नत्र, स्फुरद, पालाश हीं द्रव्यें मातींत मिसळतात आणि मुळांवाटे पुन्हां झाडांत चढतात. आपल्या घरांत भांडीं घांसणाऱ्या आणि केर काढणाऱ्या माणसांकडे जसें पाहुण्यांचें लक्ष जात नाहीं, तसेंच रानांतील या मंडळींचें आहे; पण तीं चार दिवस रजेवर गेलीं, तर घर काय आणि रान काय, राहण्याजोगें उरणार नाहीं.

जेथें ही परतफेड कमी पडते, तेथें झाडांनीं अजब युक्त्या काढलेल्या आहेत. राधानगरीच्या परिसरांतील जांभ्याच्या सड्यांवर मातीचा थर बोट-दोन बोटांचा असतो आणि पावसानें त्यांतील नत्र धुऊन जातें. अशा उपासमारीच्या जागीं दवबिंदू नांवाची वनस्पति आपल्या पानांवरील चिकट थेंबांनीं किडे पकडते. आणि जिला आपण सीतेचीं आसवें म्हणतों, ती निळी-जांभळी नाजूक फुलें येणारी वनस्पति पाण्यांतील अतिसूक्ष्म जीव आपल्या लहानशा पिशव्यांत ओढून घेते. ऊर्जेसाठीं सूर्य पुरेसा असतो. किडे लागतात ते नत्रासाठीं. येथें झाड प्राण्यास खातें, आणि नेहमींचा क्रम उलटा झालेला दिसतो.

खाणें आणि खाल्लें जाणें एवढाच संबंध मात्र रानांत नसतो. धनेश पक्ष्याचें उदाहरण घ्या. विणीच्या दिवसांत मादी झाडाच्या ढोलींत स्वतःस कोंडून घेते, दार लिंपून टाकते, आणि केवळ चोंच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. नर दिवसभर फळें आणून तिला आणि पुढें पिल्लांना भरवितो. त्या बदल्यांत रानांस काय मिळतें? फळांतील बिया दूरदूर पडतात, आणि मूळच्या झाडाच्या सावलींत ज्यांना जागा मिळाली नसती, अशीं रोपें नव्या जागीं उगवतात. कारवीची रीत याहून वेगळी. ती सात वर्षें साधेपणानें राहून संचय करते आणि मग सगळी टेकडी एकदम फुलून जाते. मधमाश्यांची त्या वर्षीं चंगळ होते. नंतर इतकें बीं एकाच वेळीं पडतें कीं, खाणाऱ्या किड्यापाखरांचें पोट भरूनही पुष्कळ शिल्लक राहतें. आणि कारवी स्वतः वाळून जाते. लग्नकार्यासाठीं वर्षानुवर्षें सांठवून एकदां हात मोकळा सोडणाऱ्या गृहस्थाची आठवण व्हावी, असा हा प्रकार आहे.

या मंडळींत एक उपरा पाहुणाही शिरलेला आहे. अमेरिकेंतून आलेली रानमोडी ही झुडपें उघड्या जागीं भराभर पसरतात. त्यांचा पाला गवे, सांबरें सहसा खात नाहींत. टेकडी हिरवीगार दिसते, सूर्याची ऊर्जा बांधलीही जाते, परंतु ती वर चढण्याची वाटच बंद असते. कोठी भरलेली आणि तिला कुलूप, अशी ती अवस्था होय. रानमोडी हें नांव ज्या कोणी खेडुतानें प्रथम योजिलें, त्यास हें शास्त्र पुरतें कळलें होतें.

खालच्या मुलुखांत

धरणाच्या खालीं उतरलें कीं भोगावतीच्या दोन्ही तीरांस उंसाचे मळे लागतात. सूर्यप्रकाश बांधून ठेवण्यांत जीं पिकें अग्रेसर आहेत, त्यांत ऊंस मोडतो. कोल्हापूरच्या गुळाची कीर्ति याच गुणावर उभी आहे. त्या उत्पन्नावर या जिल्ह्यांतील लाखों माणसें जगतात, आणि कष्टकरी शेतकऱ्यास त्याबद्दल बोल लावण्याचें कारण नाहीं. परंतु मळ्याचा हिशेब रानाच्या हिशेबाहून वेगळा आहे हें विसरतां कामा नये. रानांतील ऊर्जा हजार तोंडांना वांटली जाते. मळ्यांतील सारी एकाच तोंडास जाते. रानांतील द्रव्य जागच्या जागीं परततें. मळ्यांतील द्रव्य गाड्यांवर लादून बाहेर जातें, आणि मग पोत्यांतील खत आणून तूट भरावी लागते.

शिवाय, इतक्या जवळ इतकें गोड अन्न उभें असतां रानांतल्या जनावरांनीं तिकडे पाहूं नये, ही अपेक्षाही वेडेपणाची आहे. उन्हाळ्यांत रानांतलें गवत वाळतें, पाणवठे आटतात, आणि गव्यांचे कळप शिवारांत उतरतात. २००२ च्या सुमारास कर्नाटकांतून सिंधुदुर्गांत आलेले हत्ती पुढें चंदगड आणि आजरा तालुक्यांत येऊं लागले. हत्तीस दिवसाला दीडशें किलोच्या आसपास चारा लागतो. तेवढा रानांत हिंडून मिळवावयाचा, कीं एका रात्रींत उंसाच्या फडांत, हा प्रश्न हत्ती आपल्या परीनें सोडवितो. ज्याचा वर्षाचा फड उध्वस्त झाला त्या शेतकऱ्याचें दुःख खरें आहे, आणि त्यास वेळेवर भरपाई मिळणें हें न्यायाचें आहे. पण नुसतें फटाके वाजवून हा प्रश्न सुटणार नाहीं. डोंगरांत गवताचीं कुरणें आणि पाणवठे राखणें हा त्यावरचा मूळचा उपाय होय.

आणखी खालीं, शहराजवळ, उलट प्रकारची अडचण दिसते. तेथें अन्नाचा तुटवडा नसून अतिरेक आहे. गांवांचें व शहरांचें सांडपाणी, कारखान्यांची मळी, शेतांतून वाहून आलेलें खत आणि घाटावर सोडलेलें निर्माल्य, हें सर्व पंचगंगेंत येतें. पाण्यांतल्या जंतूंच्या दृष्टीनें ही मेजवानीच असते. ते भराभर वाढतात आणि हें अन्न पचवितांना पाण्यांत विरघळलेला प्राणवायु वापरून टाकतात. वर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरून खालच्या पाण्याचा प्रकाशही अडवितो. उन्हाळ्यांत प्रवाह मंदावतो तेव्हां प्राणवायु इतका खालीं जातो कीं, मासे तडफडत वर येतात आणि तीरावर मेलेल्या माशांचा खच पडतो. शिरोळ तालुक्यांतील बंधाऱ्यांपाशीं असे प्रसंग अनेकदां घडले आहेत. नदींत विष ओतलेलें नसलें तरीही हें घडूं शकतें. पचेल त्याहून अधिक वाढलें, एवढेंच त्यास पुरे होतें. घरांतल्या एखाद्या बाळास मायेनें अतोनात भरवावें आणि मग त्याचें पोट बिघडावें, तशी आपण नदीची दशा केली आहे.

वाडीचा औदुंबर

नृसिंहवाडीस नदी कृष्णेस मिळते आणि तेथें आपल्यापैकीं पुष्कळांचे हात औदुंबरापुढें आपोआप जोडले जातात. या वृक्षाच्या पोटांत काय चालतें, हेंही एकदां जाणून घ्यावें. क्वचित् दिसणाऱ्या माणसास आपण उंबराचें फूल म्हणतों. वस्तुतः उंबरास फुलें शेंकड्यांनीं येतात. पण तीं ज्यास आपण फळ म्हणतों त्याच्या आंतल्या बाजूस असतात. तेथवर वारा जात नाहीं, कीं फुलपांखरूं पोहोंचत नाहीं. एक चिमुकली गांधिलमाशी मात्र फळाच्या तोंडाशीं असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून आंत शिरते. शिरतांना तिचे पंख तुटतात. बरोबर आणलेले पराग ती फुलांवर टाकते, कांहीं फुलांत अंडीं घालते, आणि तेथेंच मरते. अंड्यांतून निघालेले नर बिनपंखांचे असतात. ते बाहेर पडण्याचा बोगदा कोरून देतात आणि बहुधा फळाच्या आंतच त्यांचें आयुष्य संपतें. माद्या अंगास पराग माखून बाहेर उडतात आणि नव्या उंबराचा शोध घेतात. त्यासाठीं त्यांच्या हातीं फार तर दिवस-दोन दिवस असतात. ही माशी नसेल तर उंबरास बीं धरणार नाहीं, आणि उंबर नसेल तर माशीचा वंश बुडेल.

माशीचें आयुष्य असें तोकडें असल्यानें परिसरांत कोठल्या ना कोठल्या उंबरास सतत फळ असावें लागतें. इतर झाडें रिकामीं असतात तेव्हांही उंबर लगडलेला असतो. धनेश, हरियल, बुलबुल, वटवाघळें, वानरें आणि शेकरू या सर्वांना तो अडचणीच्या महिन्यांत जगवितो. पाण्यावर वांकलेल्या फांद्यांखालीं मासेही फळांची वाट पाहतात. डोळ्यांत न भरणाऱ्या एका किड्यावर एवढ्या मोठ्या कुटुंबाचा दुष्काळांतील योगक्षेम अवलंबून आहे. ज्यांच्या अंगणांत किंवा बांधावर उंबर आहे, त्यांनीं त्याकडे या दृष्टीनेंही पाहावें.

आतां आपण काय करावें, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. वाघाची वाट मोकळी ठेवणें आपल्या एकट्याच्या हातीं नाहीं, हें खरें. तरी घरांतल्या घरांत पुष्कळ कांहीं होण्यासारखें आहे. देवघरांतील निर्माल्य आणि स्वयंपाकघरांतील भाजीचीं देंठें नदींत किंवा प्लास्टिकच्या पिशवींत न टाकतां परसांतील खड्ड्यांत अथवा गच्चीवरील कुंडींत कुजविलीं, तर शेणकिड्यांचें आणि अळंब्यांचें जें काम रानांत चालतें, तेंच आपल्या घरीं सुरू होतें. कोल्हापुरांत मूर्ति व निर्माल्य नदींत न सोडतां दान करण्याची चाल पुष्कळ घरांनीं आपलीशी केली आहे; ती प्रत्येक गल्लींत पोहोंचली पाहिजे. झाड लावावयाचें तर शोभेचें परदेशी न लावतां जांभूळ, उंबर, हिरडा यांपैकीं लावावें, म्हणजे त्यावर कोणाचें तरी पोट भरेल. दाजीपूरच्या सहलीस गेलें असतां वानरांना बिस्किटें चारूं नयेत. आणि डोंगरांतील एखादें रान खाणीसाठीं अथवा बंगल्यांसाठीं मोकळें करण्याचा विषय निघाला, म्हणजे सुशिक्षित कुटुंबांनीं तो परक्याचा प्रश्न मानून स्वस्थ बसूं नये. राधानगरी आणि काळम्मावाडी या दोन्ही जलाशयांचें पाणी त्याच रानांतून झिरपत येतें, आणि तें शेवटीं आपल्याच घरांतल्या हंड्यांत पडतें.

एकत्र कुटुंबांत कर्त्या माणसाची परीक्षा वाढून घेण्यांत होत नाहीं. मागून बसणाऱ्या पंगतीस काय उरलें, यावरून ती होते. सूर्याच्या या एकाच कमाईवर जगणाऱ्या अफाट कुटुंबांत अलीकडे मनुष्यानें कर्तेपण आपल्याकडे घेतलें आहे. त्यानें आपलें पान वाढून घेतांना गव्याचें, धनेशाचें आणि उंबरांतल्या त्या चिमुकल्या माशीचें पान मांडलें आहे कीं नाहीं, हें पाहण्याची जबाबदारीही त्याबरोबर त्याच्याकडे आली आहे.